दासनवमी : पुण्यतिथीचा उत्सव
सज्जनगडाची परंपरा आणि सातासमुद्रापलीकडील एक साम्य

माघाचा कृष्णपक्ष लागला, की सातारा-कोरेगावच्या मुलखातील श्रद्धाळू घरांत दासबोधाची पोथी चौरंगावर येते. रब्बीचे पीक कापणीच्या वाटेवर असते, पहाटेचा गारवा अजून सरलेला नसतो आणि वद्य प्रतिपदेपासून नवमीपर्यंतच्या नऊ दिवसांत ग्रंथराजाचे वीस दशक वाचून पूर्ण करावयाचे असतात. नवमीस ही वाचनसेवा समाप्त होते. त्याच तिथीस, शके १६०३ मध्ये, म्हणजे सन १६८२ च्या प्रारंभी, श्रीसमर्थ रामदासस्वामींनी सज्जनगडावर देह ठेवला. हीच दासनवमी.

सामान्य माणसाच्या मृत्युतिथीस आपण श्राद्ध करतो. ते गंभीरपणे, घरापुरते आणि पितरांच्या तृप्तीसाठी असते. संतांच्या मृत्युतिथीस मात्र आपण पुण्यतिथी म्हणतो आणि तिचा उत्सव करतो. तोरणे लागतात, कीर्तने होतात, पंक्ती उठतात. निधनाच्या दिवशी आनंद कसला, असा प्रश्न परक्यास पडेल; आपल्या घरांतील लहान मुलासही तो पडत नाही. जो जिवंतपणीच देहभाव टाकून राहिला, त्याचे देहावसान हा वियोग नसून त्याचे सर्वांठायी प्रकट होणे होय, ही समजूत आपल्याकडे उंबरठ्याइतकी जुनी आहे. ज्ञानदेवांची कार्तिक वद्य त्रयोदशी, तुकोबांची फाल्गुन वद्य द्वितीया, एकनाथांची फाल्गुन वद्य षष्ठी या तिथी महाराष्ट्राने अशाच उत्सवाच्या करून ठेवल्या. दासनवमी ही त्याच मालिकेतील तिथी असली, तरी तिला स्वतःचे असे एक शिस्तीचे आणि साधनेचे वळण आहे. ते वळण कोठून आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

नवमीस जन्म, नवमीस निर्याण

समर्थांचा जन्म मराठवाड्यातील जांब या गावी शके १५३० मध्ये, सन १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीस झाला. म्हणजे रामजन्माची तिथी तीच त्यांची जन्मतिथी. पिता सूर्याजीपंत ठोसर, माता राणूबाई. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असता ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायणाने मंडप सोडला, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे नदीच्या पाण्यात उभे राहून केलेला नामजप, त्यानंतर बारा वर्षांचे भारतभ्रमण आणि सन १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी झालेले आगमन, असे त्यांच्या आयुष्याचे पूर्वार्धाचे टप्पे आहेत. ज्या मुलखात ते स्थिरावले तो आपला हा सातारा-कऱ्हाडचा मुलूख.

मसूर येथे त्यांनी रामजन्माचा उत्सव मांडला. अंगापूरच्या डोहातून श्रीरामाची मूर्ती वर काढली आणि सन १६४८ मध्ये चाफळास मंदिर उभारून तिची स्थापना केली. त्याच डोहातून लाभलेली देवीची मूर्ती पुढे अंगलाई या नावाने सज्जनगडावर विराजमान झाली. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव, बत्तीस शिराळे अशा गावांतून अकरा मारुती उभे राहिले. उपासना रामाची, सामर्थ्य मारुतीचे आणि त्यांस आधार संघटनेचा, अशी ही योजना होती. चाफळच्या रामरायास आणि समर्थांच्या मठास छत्रपतींचा राजाश्रय लाभला. परळीचा किल्ला स्वराज्यात आल्यावर सन १६७६ मध्ये समर्थ तेथे वास्तव्यास गेले आणि तो गड सज्जनांचा म्हणून सज्जनगड झाला.

निर्याणाचा प्रसंग

सन १६८० मध्ये शिवछत्रपतींचे महानिर्वाण झाले. त्यानंतर समर्थांनी गड उतरणे जवळजवळ सोडले, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. माघ वद्य पंचमीस तंजावराहून राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती यांच्या मूर्ती गडावर आल्या. त्या घडविणारा कारागीर अंध होता, असेही परंपरा मानते. समर्थांनी त्या मूर्तींची आपल्या हाताने पूजा केली, अन्नपाणी वर्ज्य केले आणि नवमीस रामनामाच्या घोषात देह विसर्जित केला.

त्या वेळी शिष्यांस शोक आवरेना. त्यांचे सांत्वन समर्थांनी ज्या आशयाने केले, तो दासनवमीचा गाभा आहे. माझी काया गेली तरी दासबोध आणि आत्माराम या ग्रंथांच्या रूपाने मी तुमच्याजवळ आहे, मला पाहावयाचे तर तेथे पाहा, असा तो आशय. म्हणूनच या तिथीस केवळ समाधीचे दर्शन घेऊन भागत नाही. ग्रंथाचे वाचन हेच दर्शन ठरते. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येक दशकाचे दहा समास, असे दोनशे समास नऊ दिवसांत वाचावयाचे म्हटले, तर रोज बावीस-तेवीस समास होतात. घरातील वडीलधारे पहाटे बसतात, सुना-मुले आपापली कामे आवरून ऐकावयास येतात. हा नेम ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळला, त्या घरांत समर्थ खरोखरीच राहावयास आले आहेत, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

गडाच्या उत्तर भागात जेथे समर्थांच्या देहास अग्निसंस्कार झाला, तेथेच समाधी आहे. तिच्यावर श्रीरामाचे मंदिर उभे राहिले आणि तंजावरच्या त्या मूर्ती तेथे स्थापन झाल्या. वर राम आणि खाली तळघरात दासाची समाधी, अशी ही रचना आहे. स्वामी वर आणि सेवक चरणाशी! दास्यभक्तीचे याहून स्पष्ट शिल्प दुसरे कोणते असेल?

कृष्णेच्या ऐलतीरी

कोरेगावच्या लोकांस सज्जनगड हा परका नाही. साताऱ्यास पोहोचून परळीच्या वाटेस लागले, की अर्ध्या दिवसात गडाचे दर्शन होते. परंतु या भूमीचा समर्थपरंपरेशी असलेला संबंध एवढ्यापुरता नाही. ज्यांस दासपंचायतन म्हणून गौरविले जाते, त्या पाच सत्पुरुषांत समर्थांबरोबर वडगावचे जयरामस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती, भागानगरचे केशवस्वामी आणि निगडीचे रंगनाथस्वामी यांची गणना होते. ती निगडी कोरेगाव तालुक्यातीलच होय. रंगनाथस्वामींची राहणी राजविलासी, घोड्यावरून फिरणारी. समर्थांची लंगोटी, कुबडी आणि झोळी. परंतु वेष निराळा असला तरी अंतरीची खूण एकच असते, हे ओळखून या दोघांनी परस्परांस आदर दिला. भगव्या वस्त्राने कोणी विरागी ठरत नाही आणि भरजरी वस्त्राने कोणी भोगी ठरत नाही, हा बोध निगडी आणि सज्जनगड यांच्या स्नेहाने आपल्या परिसरास दिला आहे.

कोरेगावचा जरंडेश्वर हाही या संबंधाचा साक्षी. लक्ष्मणासाठी मारुतिरायाने द्रोणागिरी नेला, तेव्हा त्याचा एक भाग येथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. डोंगरमाथ्यावर मारुतीचे देवस्थान आहे आणि श्रावणातील शनिवारी भिजत, घसरत, नामघोष करीत भाविक तो डोंगर चढतात. ज्याला मारुतीकडे जावयाचे त्याने पायांस थोडे कष्ट द्यावे, हा येथील अलिखित नियम आहे. सज्जनगडाच्या पायऱ्यांचाही तोच नियम.

गडावरील नऊ दिवस

दासनवमीच्या दिवसांत गडाचे रूप पालटते. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत दिवसाचा क्रम बांधलेला असतो. अभिषेक, महापूजा, दासबोधाचे पारायण, मनाच्या श्लोकांचे आणि करुणाष्टकांचे पठण, प्रवचन, कीर्तन, छबिना असे कार्यक्रम एकामागून एक चालतात. नवमीस निर्याणप्रसंगाचे कथन होते आणि ‘जय जय रघुवीर समर्थ’ या घोषाने गड दुमदुमतो. शेजघरात समर्थांच्या वापरातील कुबडी आणि पलंग भाविकांस पाहावयास मिळतात. तेथेच ते मोठे तांब्याचे हंडेही आहेत, ज्यांतून कल्याणस्वामी खालच्या उरमोडी नदीचे पाणी रोज गडावर आणीत असत. ते हंडे रिकामे असताही उचलण्यास जड वाटतात. गुरुसेवा म्हणजे काय, हे त्या हंड्यांकडे पाहून जेवढे कळते तेवढे दहा प्रवचनांनी कळणार नाही.

गडावर येणाऱ्यास प्रसादाचे भोजन मिळते. त्याचे मोल कोणी विचारीत नाही. हे अन्न येते कोठून? त्याचे उत्तर दासनवमीच्या दुसऱ्या परंपरेत आहे.

झोळीचा महिमा

उत्सवापूर्वी समर्थांच्या पादुका गावोगावी दौऱ्यावर निघतात. रामदासस्वामी संस्थान आणि श्रीधरस्वामींच्या प्रेरणेने १९५० मध्ये स्थापन झालेले समर्थ सेवा मंडळ यांनी ही प्रथा जतन केली आहे. गळ्यात झोळी, मुखी मनाचे श्लोक, अशी भिक्षाफेरी गल्लीतून चालते आणि गृहिणी सुपातून धान्य घेऊन दारात येतात. कोणी पायलीभर घालतो, कोणी मूठभर. झोळीस दोन्ही सारखेच.

समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात एक संपूर्ण समास भिक्षेच्या निरूपणासाठी योजिला आहे. भिक्षा हे पोट भरण्याचे साधन म्हणून त्यांनी सांगितलेले नाही. दारोदार गेल्याने माणसे कळतात, गाव कळते, कोणाच्या घरी काय दुःख आहे ते समजते. मागणाऱ्याचा अहंकार झडतो आणि देणाऱ्याच्या हातास देण्याची सवय लागते. कोणी खूप देऊ लागला तरी थोडेच घ्यावे आणि पुढे जावे, ही त्यातील मर्यादा. एका धनिकाच्या देणगीतून उत्सव साजरा करणे सोपे आहे. शंभर घरांच्या शंभर मुठींतून तो साजरा करणे कठीण. समर्थांनी कठीण मार्ग निवडला, कारण त्यांस केवळ उत्सव नको होता, घरे जोडावयाची होती.

सातासमुद्रापलीकडील पुण्यतिथी

संताच्या मृत्युतिथीस उत्सव मांडणारे केवळ आपणच आहोत, असे मात्र नाही. ख्रिस्ती धर्मात संताचा मृत्युदिन हा त्याचा स्वर्गातील जन्मदिन मानतात. युरोपच्या पश्चिम टोकास असलेल्या आयर्लंड या बेटावर १७ मार्च हा दिवस संत पॅट्रिक यांची पुण्यतिथी म्हणून पाळला जातो. हे पॅट्रिक पाचव्या शतकातील. वयाच्या सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्यांस ब्रिटनमधून पळवून आयर्लंडात गुलाम केले. सहा वर्षे ते रानात गुरे-मेंढरे राखीत राहिले आणि तेथेच, पावसात आणि हिमात, दिवसास शंभर आणि रात्री तेवढ्याच प्रार्थना करू लागले, असे त्यांनी आपल्या लॅटिन आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. पुढे सुटका झाली. परंतु ज्यांनी दास केले त्यांच्याच देशात ते धर्मोपदेशक होऊन परतले. टाकळीच्या नदीपात्रात उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या नारायणाची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. कोवळ्या वयातील एकांत आणि नामस्मरण यांतून लोकोद्धारक घडतो, हा नियम देशोदेशी एकच असावा.

त्या देशात मेयो परगण्यात क्रोघ पॅट्रिक नावाचा सुमारे अडीच हजार फूट उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर पॅट्रिक यांनी चाळीस दिवस उपोषण केले, अशी श्रद्धा. जुलैच्या अखेरच्या रविवारी हजारो यात्रेकरू तो डोंगर चढतात. सुट्या दगडांची ती वाट कित्येकजण अनवाणी तुडवितात. आपला श्रावण त्याच सुमारास येतो. तिकडे पॅट्रिकचा डोंगर, इकडे जरंडेश्वर. भाषा निराळी, देव निराळा, पण तळपायास टोचणारा दगड आणि ओठांवरील नाम सारखेच.

मात्र त्या देशाच्या अनुभवात आपल्यासाठी एक इशाराही आहे. १७ मार्च हा मूळचा उपासनेचा दिवस. तो त्यांच्या ईस्टरपूर्व उपवासकाळात येतो. लोक चर्चमध्ये जात, तीन पानांची शॅमरॉक ही वनस्पती कपड्यांस लावीत आणि घरी जेवीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही दशके त्या दिवशी तेथील मद्यालये कायद्याने बंद असत. दुसरीकडे, दुष्काळाने आणि दारिद्र्याने देशोधडीस लागून अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी आपली अस्मिता टिकविण्यासाठी या दिवशी मोठमोठ्या मिरवणुका काढल्या. न्यूयॉर्कमधील मिरवणुकीची परंपरा तर १७६२ पर्यंत मागे जाते. घर सुटलेल्या माणसांस तो दिवस म्हणजे घरच होता. त्यात वावगे काही नव्हते. पण मिरवणूक वाढत गेली, व्यापार तीत शिरला आणि आज जगभर कित्येकांच्या लेखी तो दिवस म्हणजे हिरवे कपडे आणि मद्याचे पेले एवढाच उरला आहे. ज्याने चाळीस दिवस उपोषण केले, असे मानतात, त्याच्या नावाने हे घडावे, याची खंत तेथील श्रद्धावंत आजही व्यक्त करतात.

आयर्लंडात आणखी एक पुण्यतिथी आहे, १ फेब्रुवारी, संत ब्रिगिड यांची. आपली दासनवमी बहुधा याच महिन्यात येते. किलडेअर येथे मठ स्थापून स्त्री-पुरुष साधकांचे अधिपत्य करणारी ही साध्वी. तिच्या मठात एकोणीस साध्वी आळीपाळीने अग्नी अखंड तेवत ठेवीत, असे बाराव्या शतकातील एका प्रवाशाने लिहिले आहे. या दिवशी लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावतात. रात्री घराबाहेर वस्त्र ठेवतात आणि ब्रिगिडच्या आशीर्वादाने ते रोगनिवारक होते, असे मानतात. २०२३ पासून त्या देशाने तिच्या नावे सार्वजनिक सुट्टी सुरू केली. एवढ्या शतकांत तो दिवस टिकला तो घराघरांतून लव्हाळी विणणाऱ्या हातांमुळे.

ब्रिगिडची कथा वाचताना आपल्या वेणास्वामी आणि अक्कास्वामी आठवतात. बालवैधव्य आलेल्या वेणेस समर्थांनी अनुग्रह दिला, उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला आणि मिरजेचा मठ सोपविला. सतराव्या शतकात हे किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येणे कठीण. सज्जनगडावर कीर्तन चालू असताच तिने देह ठेवला, असे परंपरा सांगते. अक्कास्वामींनी तर समर्थांच्या पश्चात दिवाकर गोसाव्यांसह गडाचा आणि चाफळचा कारभार सांभाळला, परचक्राच्या काळातही उपासना खंडू दिली नाही. दासनवमीचा उत्सव आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात या माउलीचा वाटा फार मोठा आहे.

घरची दासनवमी

तेव्हा प्रश्न एवढाच, की दासनवमी पुढील पिढीकडे कोणत्या रूपाने जाणार? गडावर जाण्यास आता रस्ता झाला आहे, वाहने बरीच वरपर्यंत जातात, पायऱ्या थोड्या उरल्या आहेत. गर्दी वाढली याचा आनंदच मानावा. परंतु गर्दी म्हणजे उपासना नव्हे. शहरांतून बंद दारांच्या सदनिका झाल्या. झोळी घेऊन आलेल्या समर्थभक्तास जिना चढू द्यावा की नाही, हे पहारेकरी ठरवितो. मुले मराठी वाचतात, पण ओवीच्या चालीत वाचता येत नाही. दासबोधाची पोथी आहे, तिला हळदकुंकू लागते, पण पाने एकमेकांस चिकटून राहिली आहेत, अशी घरे थोडी नाहीत. उत्सव बाहेरून कोणी मोडत नसतो. तो घरातून निसटत जातो आणि मग रस्त्यावर त्याची केवळ मिरवणूक उरते.

यावर उपाय समर्थांनीच सांगून ठेवला आहे आणि तो फार महागाचा नाही. नऊ दिवसांत संपूर्ण पारायण शक्य नसेल, तर रोज एक समास वाचावा; मोठ्याने वाचावा, घरातील सर्वांच्या कानी पडेल असा. संध्याकाळी दिवेलागणीस मुलांकडून मनाचे पाच श्लोक म्हणवून घ्यावेत. दोनशे पाच श्लोक आहेत. रोज पाच म्हटले तरी दीड महिन्याच्या आत ते सर्व होतात. पादुका गावात आल्या, तर दार उघडून मूठभर धान्य मुलाच्या हाताने झोळीत घालावे, म्हणजे देणे म्हणजे काय ते त्याच्या हातास कळेल. नवमीस श्रीरामास आणि समर्थांच्या प्रतिमेस गंधपुष्प वाहावे, नैवेद्य दाखवावा, आणि त्या पंक्तीस एखादा तरी असा मनुष्य बसवावा, की ज्याला त्या दिवशी अन्यथा आग्रहाने वाढणारे कोणी नव्हते. ज्यांस शक्य असेल त्यांनी गड चढावा. वृद्धांनी घरूनच गडाच्या दिशेने हात जोडावेत.

जन्म नवमीचा आणि निर्याणही नवमीचे, असे ज्यांचे चरित्र रामरायाच्या तिथीने दोन्ही बाजूंनी बांधले गेले, त्या समर्थांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. झोळी पसरली ती रामासाठी आणि लोकांसाठी. दासनवमीस ती झोळी आपल्याही दारात येते. तिच्यात धान्य घालावे, आणि त्याबरोबर थोडा वेळ, थोडे कष्ट व नित्य वाचनाचा एक नेमही घालावा. समर्थांस एवढी भिक्षा पुरे आहे.

जय जय रघुवीर समर्थ!